हॉलच्या आत उघडणारी खिडकी

साखरेच्या डब्याचं झाकण टप्पकन उघडलं आणि सकाळपासून धरून ठेवलेली शांतता मोडली.

"लाल्ला," बाळाला छातीपासून न हलवता मी म्हटलं, "तो डबा खाली ठेवा."

"मी फक्त बघत होते, मुंग्या लागल्यात का."

"लागल्या असतील तर बरंच आहे. लागू देत."

सासूबाईंनी डबा फळीवर ठेवला आणि परत आपल्या स्टुलावर जाऊन बसल्या. लाल्ला खैरा. सगळं गाव त्यांना याच नावाने ओळखतं. काल त्यांनी आम्हा नवरा-बायकोसमोर अल्लाहची शपथ घेतली होती: समिती येईल तेव्हा मी उठणार नाही, कॉफीचं नाव काढणार नाही, 'या, बसा' एवढंसुद्धा म्हणणार नाही. शपथ घेताना त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू कुणी त्यांना भर बाजारात डोक्यावरचा रुमाल काढायला सांगितलं होतं.

पण शपथ घ्यायला लावली ती मीच.

आठ महिन्यांपूर्वी घरवाटपाची समिती पहिल्यांदा पाहणीला आली. पाहणी होणार म्हटलं की आमच्याकडे लोक काय काय करतात! कुणी छपराचे चार पत्रे काढून ठेवतं. कुणी धडधाकट म्हातारीला तळघरात नेऊन झोपवतं. कुणी शेजाऱ्यांची तीन पोरं उसनी आणून आपल्या गादीवर बसवतं. आणि आम्ही? लाल्लांनी आदल्या दिवशी भिंती धुतल्या. बहिणीच्या सुनेकडून मखमली खोळी मागून आणल्या. पितळी तबक लिंबाने घासून असं लखलखीत केलं की त्यात तोंड दिसावं. मी म्हटलं, लाल्ला, आपल्याला घर नाही हे दाखवायचंय त्यांना. तर म्हणाल्या, "घर मागायचंय, भीक नाही. दारात आलेल्या माणसाला मी माझं दारिद्र्य वाढू?"

समितीच्या तिघांनी कॉफी घेतली. बदामाच्या वड्या खाल्ल्या. एकाने तर परत मागून घेतली. "अल्लाह तुमच्या घराला बरकत देवो," म्हणाले, कागदावर एक खूण केली आणि गेले. यादी लागली तेव्हा तिच्यात आमचं नाव नव्हतं.

मी भांडले नाही. त्याहून वाईट ते केलं. आठ महिने त्यांच्याशी 'हो' आणि 'नाही' यापलीकडे फारसं बोलले नाही.

वसंतात दुसरा कागद आला. आम्ही राहतो तो गावाचा खेळाचा हॉल नव्याने बांधायचा ठरलाय, आमच्या दोन खोल्यांच्या जागी सामन्याच्या पंचांच्या खोल्या होणार, उन्हाळा संपायच्या आत जागा रिकामी करावी. मिलूदची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, हॉलच्या रखवालदाराची नोकरी राहील, पण राहायची जागा जाईल. जायचं कुठे? नणंदेकडे एक खोली, तिच्यात ती पाच जणं. मिलूदने यादीविरुद्ध अर्ज केला, सात वेळा दायऱ्याच्या, म्हणजे तालुक्याच्या, कार्यालयात जाऊन उभा राहिला, तेव्हा कुठे पुन्हा पाहणीला येतो म्हणाले. तीही आजच, कारण आज समिती हॉलमध्ये असणारच होती. आज यादीतल्यांच्या घरांची सोडत. या आधीची यादी अकरा वर्षांपूर्वी लागली होती. आज आमच्या कागदावर 'नाही' आलं, तर पुढच्या यादीपर्यंत इनासच्या ओठांवर लाली आलेली असेल. इनास माझी थोरली, पाच वर्षांची.

तर आम्ही घर लपवलं होतं. गालिचा, पडदे, टीव्ही, चांगल्या कपबशा, ते तबक, सगळं मागच्या कोठीत, जिथे हँडबॉलची जुनी जाळी ठेवतात तिथे कोंबलं आणि दार लावून घेतलं. बाहेर ठेवले चार टवके उडालेले कप आणि एक गादी.

खरं तर लपवायची काय गरज होती, असं वाटावं असंच आमचं घर आहे. प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या पोटात दोन खोल्या. छत सरळ नाही, उलट्या जिन्यासारखं उतरत जातं. दाराशी मिलूद ताठ उभा राहतो, मधे त्याला वाकावं लागतं, आणि अगदी शेवटी, जिथे मुलं झोपतात, तिथे मीसुद्धा रांगतच जाते. सामना असला की डोक्यावर हजार पायांची धडधड. गोल झाला की पाळण्यावर चुन्याची भुकटी पडते. मी पाळण्यावर ओढणी टाकून ठेवते. बाहेरच्या भिंतीला खिडकी नाही. एकच खिडकी आहे, ती हॉलच्या आत उघडते. इनासने खिडकीतून ऊन कधी पाहिलेलं नाही. तिने पाहिलेत ते लाकडी मैदान, दोन गोल, आणि गुणफलकावरचे लाल आकडे. 'बाहेर' म्हटलं की ती त्या मैदानाकडे बोट दाखवते.

मी ती खिडकी पहिल्यांदा पाहिली ती उलट बाजूने. सोळा वर्षांची होते, गावाच्या मुलींच्या संघात गोलरक्षक. चेंडू पलीकडे असला की मला समोर ती चौकोनी खिडकी दिसायची, पिवळा दिवा, आणि दिव्यासमोर एक मुलगा, मिलूद. आई विचारायची, त्याच्यात काय पाहिलंस? मी म्हणायचे, तो एकटाच माणूस आहे ज्याने माझा एकही सामना चुकवला नाही. तेव्हा कळलं नाही, की चुकवायला त्याला दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

मिलूदच्या घराण्याला या हॉलने धरून ठेवलंय. फ्रेंचांनी तो बांधला पायांना चाकं लावून गोल गोल फिरायला. मिलूदचे आजोबा बेनऊदा तेव्हा लाकडी फरशीला मेण लावायचे, दिवसभर गुडघ्यांवर. संध्याकाळी फिरणारे साहेब आले की यांनी मागच्या दाराने जायचं. आपल्या माणसांना त्या फरशीवर फिरायची परवानगी नव्हती, पुसायची होती. मग स्वातंत्र्याचं युद्ध पेटलं, चाकं बंद झाली, आणि त्याच फरशीवर फ्रेंच सैनिकांनी दोनशे माणसं हात बांधून आणून बसवली. त्यात बेनऊदाही होते. पुढे लोक त्यांना विचारायचे, एकोणीस दिवस कसे काढलेत? तर म्हणायचे, "फरशी ओळखीची होती."

स्वातंत्र्य आलं त्या उन्हाळ्यात गाव तीन दिवस आत नाचलं. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं की किल्ल्या कुणाकडे तरी असायला हव्यात, आणि त्या बेनऊदांच्या हातात दिल्या गेल्या. त्यांच्याकडून सासऱ्यांकडे, सासऱ्यांकडून मिलूदकडे. लाल्ला नवरी होऊन आल्या तेव्हा इथे पुढाऱ्यांची भाषणं व्हायची आणि शुक्रवारी लग्नं. लोक म्हणायचे, खैराचं नशीब बघा, रोज वरातीत राहते! मग आपसातल्या लढाईची ती काळी वर्षं आली. दिवस कलला की माणसं घराबाहेर पडेनाशी झाली, आणि हॉलमध्ये पिठाची पोती छतापर्यंत रचली. मिलूद चालायला शिकला तो त्या पोत्यांना धरून. मग पूर आला. चाळीस घरं दीड महिना मैदानावर राहिली, मधे चादरी बांधून. मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आले होते. त्यांची पोरं आमच्या खिडकीशी दुधासाठी रांग लावायची. त्या चाळीसही घरांना पुढे पूरग्रस्त म्हणून फ्लॅट मिळाले. जाताना त्यांच्या बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या. मी हात हलवत खिडकीत उभी राहिले. नंतर साथ आली, तेव्हा गोलच्या जाळ्यांपुढे खुर्च्या मांडून लोकांना सुया टोचल्या.

गावाला जे काही होतं ते आमच्या खिडकीसमोर होतं. आणि होऊन गेलं की लोक घरी जातात.

"हुवारिया! आले का गं ते?"

मला हाक देत दारातून सत्तीचं डोकं आत आलं. सत्ती हॉलची झाडलोट करते. जुन्या वस्तीत खचलेल्या घराच्या एका खोलीत पाच पोरं घेऊन राहते, आणि तिचं नाव यादीत लागलंय. आज तिच्या फ्लॅटचा नंबर निघणार होता. तिने डोळ्यांत सुरमा घातला होता आणि पायांत मात्र कामावरच्या रबरी चपला तशाच होत्या.

"नाही अजून."

तिने खोली डोळ्यांखालून घातली. "गादी फारच नीट घातलीयेस. विस्कट जरा. आणि ती भिंत कोरडी का? माझ्याकडे आले तेव्हा मी बादलीभर पाणी मारलं होतं भिंतीवर. बाळ झोपलंय? झोपलेलं बाळ काय कामाचं! येतील तेव्हा हळूच चिमटा काढ."

"माझं लेकरू आहे ते सत्ती, टॅक्सीचा भोंगा नाही."

"टॅक्सीच्या भोंग्यानेच मला फ्लॅट मिळणार आहे." ती हसली, मग नाक वर करून हुंगलं. "हा वास कसला? मधाचा?"

मी लाल्लांकडे पाहिलं. लाल्ला छताकडे पाहू लागल्या.

"आज तुझा नंबर निघणार," त्या सत्तीला म्हणाल्या, "शेजारणीचा आनंद काय कोरडा जाऊ द्यायचा? थोडे मकरूत केले. पाव किलो रव्याचे, खजूर भरून, मधात बुडवून. गादीखाली आहेत."

"शपथ घेतली होती ना तुम्ही?" मी म्हटलं.

"शपथ समितीची घेतली होती. सत्तीची नाही."

सत्तीने लाल्लांचं डोकं धरून कपाळाचा मुका घेतला आणि ती पळाली, कारण बाहेर पावलं वाजत होती.

दोघं आले. एक सडपातळ माणूस, गळ्यात मोजपट्टी, आणि एक बाई. राखाडी रुमाल, काखेत फाईल, आणि पुढे एवढं मोठं पोट. सातवा असावा, किंवा आठवा. पायऱ्यांखालच्या उतरत्या छताला तिचं डोकं लागू नये म्हणून ती वाकली आणि वाकताना तिने कमरेवर हात धरला. मला माझे ते दिवस आठवले. याच खोलीत मीही तशीच वाकायचे.

लाल्ला उठल्या नाहीत. दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरून, नजर फरशीला लावून बसल्या. दारात परका माणूस आणि खैरा बसलेली. मिलूदने पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं आईला झटका आला.

माणसाने भिंती मोजल्या, छताची उंची तीन ठिकाणी घेतली आणि कुठेतरी डोकं आपटून घेतलं. तेवढ्यात हॉलच्या कर्ण्यातून त्याचं नाव पुकारलं. सोडतीच्या चिठ्ठ्या त्याच्याकडे होत्या. तो कपाळ चोळत गेला. बाई राहिली.

"बसायला आहे का काही?"

मी दुसरं स्टूल सरकवलं. ती बसली, आणि श्वास सावरता सावरता तिचं नाक हललं. मी ते पाहिलं.

"संत्र्याच्या फुलांचं पाणी," ती जरा लाजून म्हणाली. "आणि मध. मकरूत केलेत का कुणी? माफ करा हं. या दिवसांत नाक कुत्र्यासारखं झालंय."

आता तुम्हीच सांगा. गरोदर बाईने वास घेतला आणि तोंडाने नाव घेतलं, तर तिला ते द्यायचं नाही? आमच्यात दारावरच्या भिकारणीलाही असं परत पाठवत नाहीत. डोहाळा अडला की बाईने जिथे हात लावला तिथे बाळाच्या अंगावर डाग उठतो. माझ्या मामेबहिणीच्या मुलाच्या गालावर डाळिंबाच्या दाण्याएवढा आहे. आणि या बाईचा हात आत्ता तिच्या स्वतःच्या गालावर होता.

मी लाल्लांकडे पाहिलं. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. ओठ मात्र हलत होते. आपला शब्द मोडू नये म्हणून त्या प्रार्थना करत होत्या. त्यांनी शब्द मोडला नाही.

मी मोडला. बाळाला गादीवर ठेवलं, गादीखालून थाळी काढली आणि "बिस्मिल्लाह, घ्या," म्हटलं. तिने एक घेतला. डोळे मिटले. मधाचा थेंब बोटावरून चाटला. मग दुसरा घेतला आणि इकडेतिकडे पाहिलं, घसा ओला करायला काही आहे का. पुढ्यात टवके उडालेला कप होता. तशा कपाने तिचे ओठ कापले असते. मी उठले. खरंच सांगते, मी काही ठरवलं नाही. पायच गेले. मी कोठीचं दार उघडलं आणि आतून चांगली कपबशी काढली.

दाराला टेकवलेला गालिचा आधी पडला. त्यावर पडद्यांचं बोचकं. मग पितळी तबक चाकासारखं गरगरत बाहेर आलं, खोलीभर एक फेरी मारून बाईच्या पायाशी झणझणत आडवं झालं. इनासने टाळ्या वाजवल्या.

कोठीच्या अंधारातून टीव्ही आमच्याकडे पाहत होता.

"कॉफी की दूध?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार?

बाई आधी पोट धरून हसली. मग तिचं हसू ओसरलं आणि ती कपाळ पुसू लागली.

"दूध. आणि बस तू. हे सगळं आमच्यासाठी लपवलंत?"

"गेल्या वेळी सगळं मांडून ठेवलं होतं," मी म्हटलं. "मखमल, बदाम, सगळं. म्हणून तुम्ही आम्हाला यादीतून काढलंत. आणि आज ते मीच…"

"म्हणून नाही." तिने फाईल उघडून गेल्या वेळचा कागद माझ्यापुढे धरला. "हे वाच."

पहिलाच रकाना: अर्जदार सरकारी निवासस्थानात राहतो का? पुढे 'होय'. त्याखालचे बावीस रकाने कोरे. खोल्या किती, माणसं किती, ओल, उजेड, छत. कोरे.

"पहिल्याला होय आलं की खालचं कुणी भरत नाही," ती म्हणाली. "तुम्ही छत काढून आभाळाखाली बसला असता तरी इथे होयच लिहिलं असतं."

"पण ही जागा तर काढून घेताहेत! पत्र आहे आमच्याकडे. उन्हाळा संपायच्या आत."

"काढून घेतली की नवा अर्ज कर. तेव्हा तिथे 'नाही' येईल. मग तुझी वाट पाहायची वर्षं पहिल्यापासून मोजतील."

"आणि आज?"

तिने माझ्याकडे पाहिलं. वाईट बाई नव्हती. ओठाला मध लागलेला होता. "आज मी खालचे बावीसही भरते," म्हणाली. "छतापासून भरते. पण पहिला मला बदलता येत नाही. तुझ्या नवऱ्याच्या पगारपत्रकावर छापलेलं आहे ते."

आणि तिने भरले. एकेक रकाना, माझ्यासमोर, हळूहळू. उजेड: नाही. बाहेरची खिडकी: नाही. मुलं झोपतात तिथली उंची: तिने स्वतः वाकून बघितली. सगळ्यात वरती, पहिल्या ओळीत, 'होय'. दूध संपवून ती उठली, लाल्लांच्या खांद्याला हात लावला, "तुमच्या हाताला गोडवा आहे, आई," म्हणाली आणि गेली.

लाल्ला तेव्हा उठल्या. त्यांनी तबक उचललं, रुमालाच्या टोकाने पुसलं.

"म्हणजे माझ्या बदामांमुळे नव्हतं," त्या म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो.

"नाही, लाल्ला."

"आठ महिने मला झोप नाही गं."

मला त्यांचा हात धरायचा होता. मी धरला. त्यांची बोटं कोरडी, लाकडासारखी. मी माफी मागितली की नाही, मला आठवत नाही. मागितली असावी, कारण त्या म्हणाल्या, "जाऊ दे. निदान कुणावर तरी राग काढायला होता. आता तोही नाही."

खिडकीबाहेर सोडत सुरू झाली होती. मैदानावर खुर्च्यांच्या रांगा, मधे काचेचं भांडं, आणि एक एक नाव. प्रत्येक नावाबरोबर बायकांचं जीभ घोळवून केलेलं आनंदाचं युयु उठत होतं आणि आमच्या छताला आदळत होतं. वर लोक उभे राहून पाय आपटत होते. चुन्याची भुकटी पडली, मी बाळावर ओढणी टाकली. सत्तीचं नाव आलं. ती रबरी चपलांत धावली, वाटेत एक चप्पल सुटली, एका पायाने तशीच पोचली. इमारत सात, मजला दुसरा. तिने आमच्या खिडकीकडे तोंड करून दोन्ही हात वर केले. मी हात हलवला. मला हे छान जमतं.

मिलूद दारात आला. त्याने पडलेला गालिचा पाहिला, मला पाहिलं. वाकून आत आला आणि गालिचा परत अंथरू लागला. "किल्ल्या कुठे ठेवल्यास?" एवढंच म्हणाला. "संपलं की कुलूप लावायचंय."

इनास खिडकीच्या कट्ट्यावर चढून बसली होती. नाक काचेला चिकटलेलं. लोक कागद छातीशी धरून बाहेरच्या मोठ्या दाराकडे निघाले होते. ती बराच वेळ त्यांना बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. काचेवर तिच्या श्वासाचा गोल उमटला होता.

"यम्मा, त्या बाईंनी लिहिलं ना, आपल्याला घर आहे म्हणून? कुठे आहे ते?"